सहावी ओळ

१४ मार्च १९५४, रविवार

वोलोग्दाहून आईचं पार्सल आलं. लोकरीचे मोजे, दोऱ्यात ओवून वाळवलेली अळंबी आणि ही जाड पुठ्ठ्याची वही. आई चिठ्ठी सुट्या, मोठ्या अक्षरांत लिहिते; जोडून लिहायला ती कधी शिकलीच नाही. "ताया, आपल्या घरात कॉलेजची पदवी घेतलेली तू पहिलीच. रोज काय काय करतेस ते लिहीत जा. मला कळणार नाही, पण राहील तरी."

पंचाईत अशी की कामाबद्दल घरी एक शब्दही लिहून ठेवणार नाही, अशा कागदावर मी रुजू होताना सही केली आहे. इथे सगळ्यांनीच केली आहे. पण जे रोज पाहते ते मनातच ठेवणंही जमत नाही. म्हणून स्वतःपुरता नियम केला: विमानाचं नाव नाही, वेग-उंचीचे आकडे नाहीत. माणसं लिहायची, आणि मला काय वाटलं ते.

वही गादीखाली ठेवणार नाही, तिथे कुणीही आधी बघेल. बटाट्यांच्या पेटीत, तळाशी.

२१ मार्च

माणसं, तर.

रोदियोन अर्काद्येविच स्वेश्निकोव. आमचे चाचणी वैमानिक. जे विमान अजून कुणीच उडवलेलं नाही, ते आधी हे उडवतात. पस्तिशीचे, बुटके, कान बाहेर आलेले. युद्धात दोनदा पाडले गेले आणि दोन्ही वेळा चालत परत आले. कामाच्या तिसऱ्याच दिवशी मी त्यांच्या अहवालात लाल पेन्सिलीने सात चुका काढल्या, तेव्हापासून ते मला मास्तरीणबाई म्हणतात.

येफीमिच. विमानाचा मेकॅनिक. त्याचं पहिलं नाव बहुतेक कुणाला माहीत नाही, सगळे वडिलांच्याच नावाने हाक मारतात. सतत कुरकुरतो.

वेनियामिन साव्विच ओबोलिन. आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख. हुशार, सौम्य. मला मुलीसारखं वागवतात.

आणि मी. वैमानिकाच्या मागे एक पेटी असते, नोंदयंत्र. आत प्रकाशाने रेघा उमटणाऱ्या कागदाचं भेंडोळं. वैमानिकाच्या हातातली दांडी किती हलली, विमानाची शेपटी किती हलली, यांची प्रत्येकी एक रेघ. काळ्या पिशवीत हात घालून मी ते भेंडोळं भरते, उड्डाणानंतर फीत धुते आणि रेघा वाचते. भेंडोळं फक्त नव्वद सेकंद पुरतं, उड्डाण मात्र चाळीस मिनिटांचं. म्हणून वैमानिक ठरलेल्या वेळीच यंत्राचा खटका दाबतो. काय कधी करायचं त्याच्या क्रमांक घातलेल्या ओळी मी टंकलिखित करते आणि तो कागद त्याच्या मांडीवर पट्ट्याने बांधलेल्या पाटीवर लावला जातो.

म्हणजे मी जमिनीवर असते, पण माझा कागद वर जातो. हे मला फार आवडतं.

२ एप्रिल

आज स्वेश्निकोव ठरल्यापेक्षा अकरा मिनिटं लवकर उतरले. टोपी घामाने चिंब. येफीमिचच्या हातातला चहा त्यांनी न विचारता घेतला आणि उभ्याउभ्या संपवला.

"शेपटी आपली आपण हलली," ते ओबोलिनना म्हणाले. "दोनदा. तिसऱ्यांदा हलायच्या आत मी वेग कमी केला."

"तुम्हीच दांडी ओढली असेल, रोदियोन अर्काद्येविच."

"मी नुसती धरली होती. शेपटी आधी हलली, दांडी नंतर. दांडी येऊन माझ्या मुठीवर आपटली. वाऱ्याने दार आपटतं ना, तशी."

मी धावत जाऊन फीत धुतली. त्यावर काही नव्हतं. हे घडलं तेव्हा नोंदयंत्र बंद होतं, कारण त्या वेळेसाठी कागदावर ओळच नव्हती.

"फितीवर नाही," ओबोलिन म्हणाले, जरा हळहळूनच.

नवी यंत्रणा आहे ती. शेपटी आता तेलाच्या दाबाने हलते, वैमानिकाच्या जोराने नाही. ती चुकत असेल तर गंभीर गोष्ट आहे. पण उड्डाण अहवालात फक्त मोजलेलं लिहायचं असतं. मी लिहिलं, "नोंदीत विशेष काही आढळले नाही." त्यांचे शब्द इथे उतरवले, कारण तिथे त्यांच्यासाठी रकानाच नाही.

५ एप्रिल

स्वेश्निकोवनी अहवाल वाचला. उड्डाणाआधीच्या बैठकीत, सगळ्यांसमोर कागद उलटा करून झटकला.

"माझी शेपटी कुठे गेली? इथून खाली तर नाही पडली?"

सगळे हसले. मला आधी लाज वाटली, मग राग आला. मी उभी राहिले. "रोदियोन अर्काद्येविच, माणसाला भास होतो, यंत्राला होत नाही. जे फितीवर नाही ते घडलंच नाही, असंच आपल्याला धरावं लागतं."

कोपऱ्यात येफीमिच खोकला. स्वेश्निकोवनी पाटीवरची पेन्सिल काढली. "परत सांगा, मास्तरीणबाई. हळू." मी परत सांगितलं. त्यांनी ते खरंच पाटीच्या कडेला लिहून घेतलं. "उत्तम आहे. आज घरी जायला उशीर झाला की बायकोला विचारतो, फितीवर आहे का?"

पुन्हा सगळे हसले. पण मला वाटतं त्यांना पटलं. आपण प्रत्येकाने आपापल्या जागी इतकंच काटेकोर राहिलं, तर हा देश कुठल्या कुठे जाईल.

१३ एप्रिल

विमान बनवणाऱ्या कार्यालयाने कळवलं: पुरावा नाही, बदल नाही. मे दिन झाला की लगेच विमान सैन्याकडे सोपवायचं आहे. दुसरं विमानही येऊन पोचलं. तसंच, त्याच शेपटीचं. ते लास्किन उडवणार. सत्तावीस वर्षांचा आहे, आतापासूनच सगळ्यांना मिठाई वाटत फिरतोय.

स्वेश्निकोव दर उड्डाणानंतर तेच सांगतात, की हलते, पण कधी हलेल ते सांगता येत नाही. नव्वद सेकंदांत ती सापडायची कशी? तीन दिवस हाच विचार करत होते. आज सकाळी केस विंचरताना सुचलं. सोपं तर आहे! उद्याच्या कागदावर मी एक ओळ वाढवली:

"६. हेलकावा सुरू झाल्यास प्रथम नोंदयंत्र चालू करावे."

ओबोलिननी वाचून माझ्या खांद्यावर थाप मारली. "याला म्हणतात तरुण डोकं." लगेच सही केली.

स्वेश्निकोवनी मात्र नेहमीपेक्षा जास्त वेळ वाचलं. "'प्रथम' म्हणजे सगळ्याच्या आधी?"

"हो. नाहीतर सुरुवात निसटते. पहिली हालचाल कुणाची, दांडीची की शेपटीची, तेच तर सिद्ध करायचंय. तुमच्याच भल्यासाठी आहे."

"बरं," ते म्हणाले आणि सही केली.

माझी पहिली स्वतःची कल्पना. आईला कळवता येत नाही याचंच वाईट वाटतं.

१६ एप्रिल

येफीमिचने हँगरमध्ये अडवलं.

"ती सहावी ओळ तुझी का गं, पोरी?"

"माझी."

"रोद्याला हात किती आहेत?"

रोद्या म्हणजे स्वेश्निकोव. मला वाटलं चेष्टा करतोय. तो म्हणाला, "उजव्या हातात दांडी. डाव्या हातात इंजिनाचा थ्रॉटल. तुझा खटका उजव्या भिंतीवर, मागच्या बाजूला. म्हणजे त्याने थ्रॉटल सोडायचा, दांडी डाव्या हातात घ्यायची, मग उजवा हात मागे न्यायचा. आणि हे कधी? विमान त्याला घुसळत असताना. वर चढून बस एकदा आत. बघ, पोचतो का हात."

मी स्कर्ट घातला होता आणि शिडीला ग्रीस लागलेलं होतं. शिवाय फीत धुवायची राहिली होती. "आज नको, नंतर कधीतरी," म्हटलं.

"नंतर कधीतरी," तो म्हणाला आणि फडक्याने शिडी पुसत राहिला.

जुन्या माणसांना प्रत्येक नव्या गोष्टीत खोट दिसते. तरी खटका दांडीवरच आणता आला तर बरं, हे त्याचं म्हणणं मला पटलं. अर्ज लिहिते.

२० एप्रिल

अर्जाला सात सह्या लागतात. ओबोलिन म्हणाले, "कल्पना चांगली आहे, पण सुट्टीनंतर बघू. आत्ता दांडीला हात लावला तर सगळ्या तपासण्या पहिल्यापासून. मे दिनाची तारीख चुकली तर कुणाला विचारतील? मला."

त्यांचंही बरोबर आहे. आणि वैमानिकाने स्वतः काही तक्रार केलेली नाही. अर्ज खणात ठेवला.

२४ एप्रिल

कँटीनमध्ये स्वेश्निकोवनी सगळ्यांना हसवलं. सूप अर्धं टाकून चमचा दोन्ही गुडघ्यांत उभा धरला, डाव्या मुठीत घेतला आणि समोर बघत बघतच उजवा हात मागे नेऊन पलीकडच्या टेबलावरची मिठाची वाटी उचलली. मग पुन्हा. मग पुन्हा. आमची वाढपीण दुन्या ओरडली, "अहो, मीठ हवं तर मागा की! विमानात बायका नसतात म्हणून हात असा लांब करायची सवय लागली का?"

"मागायला वेळ नसतो, दुन्या," ते म्हणाले.

इतका हुशार माणूस, पण कधीकधी अगदी पोरकट वागतो. बकव्हीटची लापशी त्यांनी तशीच ठेवली. हल्ली ते काहीच संपवत नाहीत.

२८ एप्रिल

बर्चच्या रसाची बरणी घेऊन स्वेश्निकोव प्रयोगशाळेत आले. त्यांच्या बायकोने, अग्लायाने, पाठवलेला. "सगळ्यांनी प्या. उद्या मी विमान जरा वर नेतो आणि जरा पळवतो. तिथे शेपटी हलल्याशिवाय राहणार नाही."

"मग यावेळी सापडेल!" मी म्हटलं.

"सापडेल. तुझी फीत भरून आणतो, मास्तरीणबाई."

मला 'तू' म्हणाले. बहुधा अनवधानाने. रस गोड आहे, जरासा मातीसारखा वास येतो. मी माझा पेला सांभाळून ठेवलाय, उद्या फीत वाचताना पिईन.

२९ एप्रिल

सकाळी दहा वाजून बावीस मिनिटांनी.

३० एप्रिल

लिहायला हवं, नाहीतर डोकं चालणार नाही.

नोंदयंत्र पोलादी पेटीत असतं, म्हणून वाचलं. येफीमिचने स्वतः खणून काढलं आणि छातीशी धरून आणलं. पेटीला चिखल होता. त्याने माझ्या टेबलावर ठेवली आणि गेला.

मी फीत धुतली. फितीवर साडेचार सेकंद आहेत. इतकी स्वच्छ फीत मी आजवर पाहिली नव्हती. शेपटीची रेघ वरखाली, दर खेपेला आधीच्याहून मोठी, नंतर एकदम सरळ. सरळ म्हणजे शेपटी तुटली. त्यांनी सहावी ओळ तंतोतंत पाळली. रेडिओच्या टेपवरही आहे: "शेपटी." मग दोन सेकंद काही नाही. मग "नोंद चालू." नंतर काही नाही.

आता कुणीही म्हणू शकणार नाही की हे घडलं नाही. मी हे ओबोलिनना सांगितलं आणि मगच रडले.

बर्चचा रस आंबला होता. ओतून दिला.

३ मे

त्यांना पुरलं. मे दिनाचे लाल कापडी फलक अजून फाटकावर होते, त्याखालूनच गाडी गेली. अग्लाया काळ्या रुमालात, ताठ. लास्किन बंदुकांच्या सलामीला दचकला. हवाईतळावर इतका आवाज रोज असतो, तरी.

चौकशी आयोग आला आहे. अध्यक्ष एक जनरल आहेत, फार थकलेले दिसतात. त्यांनी माझी फीत भिंगातून पाहिली आणि म्हणाले, "दांडी आणि शेपटी दोन्ही बरोबर हलताहेत. मग आधी कोण?"

"ते पहिल्या हालचालीत दिसलं असतं," मी सांगितलं.

"पण फितीवर पहिली हालचाल नाही."

"नाही. तोवर यंत्र चालू झालं नव्हतं."

"म्हणजे वैमानिकानेच दांडी हलवून हेलकावा वाढवला नाही, असं ही फीत म्हणत नाही."

ते कठोरपणे म्हणाले नाहीत. त्यांनी फक्त वाचलं, मी बैठकीत शिकवलं होतं तसं.

५ मे

ओबोलिननी खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. मे महिना असून त्यांची शेगडी गरम होती. त्यांना सर्दी झाली असावी.

"बस, मुली. आयोग वैमानिकाची चूक धरणार असं दिसतंय. त्यांनी विचारलंय, डाव्या हाताने दांडी का धरली होती? उजवा हात खटक्यावर होता, हे डॉक्टरांना हातमोज्यावरून कळलंय. आणि वैमानिकाला विमानाबाहेर फेकणाऱ्या आसनाचा खटकासुद्धा उजव्याच हाताने ओढायचा असतो. तो रोदियोनने ओढलाच नाही."

"पण त्यांनी सहावी ओळ..."

"कुठली सहावी ओळ?"

त्यांनी माझ्यापुढे कागद ठेवला. २९ एप्रिलचा, त्यांच्या टाइपरायटरवर नव्याने टंकलिखित केलेला. पाच ओळी.

"त्यांच्या पाटीचा खालचा भाग जळालाय," ते हळू म्हणाले. "पाच ओळी वाचता येतात, त्याखाली काही नाही. मी स्वतः पाहिलं. फाइलमध्ये हाच कागद आहे. तुझी सही तेवढी राहिलीय."

"मग त्यांनी खटक्याला हात का लावला, म्हणून सांगायचं?"

"गोंधळ. माणूसच तो."

"वेनियामिन साव्विच, युद्धात दोनदा पडले तेव्हा नाही गोंधळले."

"तायसिया येगोरोव्ना." त्यांनी मला पहिल्यांदाच पूर्ण नावाने हाक मारली. "तू किती वर्षांची? तेवीस? तुझी आई सूतगिरणीत आहे ना? तिने तुला कशी शिकवली ते मला माहीत आहे. ती ओळ तू लिहिलीस. मी फक्त सही केली. रोदियोनला आता कशाने काही होत नाही. सोमवारी आयोगासमोर जायच्या आधी सही कर."

"आणि लास्किन?"

"लास्किन पंधराला उडेल. त्याच्या कागदावर पाचच ओळी असतील. झालं समाधान?"

मी म्हटलं, विचार करते. जाताना त्यांनी मला कोट चढवायला मदत केली. खरं तर ते चांगले आहेत. मलाच वाचवायला बघताहेत.

७ मे

आज नववा दिवस. रीतीप्रमाणे अग्लायाकडे सगळे जेवायला गेलो. ब्लिनीची पातळ धिरडी, मधात शिजवलेले गहू, फळांचं दाट किसेल. टेबलाच्या टोकाला त्यांचा पेला भरलेला, वर पावाचा काळा तुकडा. तिथे कुणी बसलं नाही.

मी स्वयंपाकघरात ताटं न्यायला गेले. अग्लाया एकटीच होती. मला म्हणाली, "तूच मास्तरीणबाई ना? तो सारखं तुझं नाव काढायचा."

मी खाली मान घातली.

"बस ना. त्या स्टुलावर नको. राहू दे, बस, आता काय." ती हसली, म्हणजे तसं तोंड केलं. "हे स्टूल त्याचं. पंधरा दिवस संध्याकाळी घरी आला की कपडेही न बदलता इथे बसायचा. गुडघ्यांत लाटणं धरायचा, डाव्या हातात घ्यायचा आणि उजवा हात मागे, त्या खिडकीच्या कडीपर्यंत. आणि मी घड्याळ बघून सांगायचं. तीन सेकंद. अडीच. मी म्हणायची, रोद्या, माझे कटलेट करपताहेत, काय चाललंय हे? तर म्हणायचा, अजून एकदा. दीडवर आणलं त्याने. दीड सेकंद! काय आनंद झाला होता त्याला. म्हणाला, आता सुरुवात निसटणार नाही."

माझ्या हातात ताटं होती. ती मी खाली ठेवली.

"सांग ना गं," अग्लाया म्हणाली. "साहेब म्हणताहेत तो गोंधळला. इतका सराव करून कुणी गोंधळतं का? तो कसला सराव करत होता?"

मला उत्तर माहीत होतं, आणि मी म्हटलं, "मी ताटं नेते."

८ मे, शनिवार

सकाळी खोलीत कुणी नव्हतं. मी स्टूल भिंतीपाशी ओढलं. गुडघ्यांत लाकडी चमचा धरला. डावा हात पुढे, जणू थ्रॉटलवर. उजव्या हाताच्या मागे, विमानात खटका असतो तितक्या अंतरावर, भिंतीला खडूने खूण केली. गजराचं घड्याळ समोर ठेवलं, सेकंदकाट्यावर नजर लावली.

पहिल्यांदा चार सेकंद लागले, चमचाही पडला. मग साडेतीन. मग तीन. बत्तिसाव्या खेपेला अडीच. खांदा भरून आला. मागे न बघता हात खुणेवर पडतच नाही, दोन बोटं इकडे किंवा तिकडे पडतो. आणि डाव्या हातातला चमचा स्थिर राहत नाही, उजवा हात मागे गेला की डावा आपोआप पुढे ढकलला जातो. म्हणजे दांडी ढकलली जाते. आयोगाला फितीवर दिसली ती हीच.

माझं स्टूल हलत नव्हतं. कुणी मला घुसळत नव्हतं.

येफीमिचने वर चढून बस म्हटलं तेव्हा मी फीत धुवायला गेले होते.

९ मे

दिवसभर विचार केला. यावेळी खरंच केला.

आयोगापुढे सिद्ध करायचं आहे की शेपटी आधी हलली. फीत ते सांगत नाही. स्वेश्निकोवनी ते तोंडाने सांगितलं होतं, २ एप्रिलला, पण माझ्या अहवालात ते नाही, कारण ते मी लिहिलं नाही. ओबोलिनना ते आठवणार नाही. येफीमिचने ऐकलं होतं, पण मेकॅनिकच्या आठवणीला आयोग काय किंमत देणार? मीच म्हणाले होते, माणसाला भास होतो.

सहावी ओळ कुठेच उरली नाही. त्यांच्या पाटीवरही नाही, फाइलमध्येही नाही. आयोगाने वैमानिकाची चूक धरली की शेपटीची यंत्रणा तशीच राहील आणि शनिवारी लास्किन तीच घेऊन वर जाईल.

दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी लिहिलेल्या आहेत. शब्द न शब्द, तारखेसकट. बटाट्यांच्या पेटीत.

असं काही लिहून ठेवणार नाही यावर माझी सही आहे. ही वही दाखवली तर नोकरी जाईल हे नक्की. आणखी काय होईल ते मला माहीत नाही आणि विचारायला कुणी नाही. आईला काय सांगतील? तुमच्या मुलीने काय केलं म्हणून? ती विचारेल, लिहीत जा म्हणून मीच सांगितलं होतं ना?

आईला चिठ्ठी लिहिली. मोजे छान बसतात, एवढंच लिहिलं.

१० मे, सोमवार, सकाळ

आईचं पार्सल बांधलेली लाल लोकर होती. २ एप्रिलच्या पानात एक धागा ठेवला, १३ एप्रिलच्या पानात दुसरा. म्हणजे आयोगाला शोधावं लागणार नाही.

पण वही अख्खी त्यांच्या हातात जाईल, आणि ते सगळंच वाचतील. देश कुठल्या कुठे जाईल तेही, शिडीचं ग्रीसही, "इतकी स्वच्छ फीत"ही. ३० एप्रिलचं पान फाडून टाकावं असं फार वाटलं. ब्लेड हातात घेतलं होतं. मग वाटलं, फाडलेल्या जागी कडा दिसेल आणि बाकीच्यावरही कुणी विश्वास ठेवणार नाही. राहू दे.

पाच ओळींचा कागद बिनसहीचाच सोबत घेतला आहे. जनरलना आधी वही देईन, मग तो. विचारलं तर सांगेन की सहावी ओळ माझी आणि ती स्वेश्निकोवनी दीड सेकंदात पाळायची तयारी केली होती. अग्लायालाही सांगेन, पण तिकडून परत येता आलं तर.

खाली येफीमिच उभा आहे. काल त्याला सांगितलं. तो म्हणाला, "चालत जाऊ, पोरी, घाई नको." मग थोड्या वेळाने, "आणि ते स्टूल भिंतीपासून हलव, लोक अडखळतील."

हलवलं.

लास्किनचं उड्डाण शनिवारी आहे. आज सोमवार. निघते.